एकविषयनिष्ठ व्यासंगाची परंपरा आणि रिद्धपूर : डॉ. वि. भि. कोलते यांच्या महानुभाव संशोधनाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

ज्ञानाच्या क्षेत्रात दोन प्रकारचे अभ्यासक आढळतात. काही अभ्यासक अनेक विषयांत संचार करतात आणि त्यांतील परस्परसंबंध उलगडून दाखवितात. दुसरे काही अभ्यासक एकच विषय निवडतात आणि त्याच्या मुळापर्यंत जाण्यासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचतात. मराठी विद्वत्तेला या दुसऱ्या प्रकारची मोठी परंपरा लाभली आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला. त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपतच्या एका लढाईवर जो ग्रंथ लिहिला, तो १९४६ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात एका दैवताचा शोध घेतला. या ग्रंथांचे विषय भिन्न असले तरी एका विषयाशी दीर्घकाळ बांधून घेण्याची वृत्ती त्यांत समान आहे.

अशा अभ्यासकांविषयी आपल्याकडे एकाच वेळी आदर आणि शंका या दोन्ही भावना दिसतात. त्यांच्या चिकाटीचे कौतुक होते; परंतु एका विषयात रमलेला अभ्यासक संकुचित होतो, त्याचे काम एकट्याचे असते आणि समाजाशी त्याचा संबंध उरत नाही, असेही म्हटले जाते. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. महानुभाव पंथाचे हे श्रेष्ठ तीर्थस्थान होय. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ याच गावी सिद्ध झाले. या ग्रंथाचा आणि पंथाचा अभ्यास विसाव्या शतकात ज्यांनी केला, त्यांत डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचे स्थान अग्रगण्य आहे.

एकविषयनिष्ठ व्यासंग वरवर एकट्याचा दिसला तरी तो पिढ्यांच्या साखळीतील एक दुवा असतो आणि पुढच्या अभ्यासकाला त्यावर उभे राहता येते की नाही, हीच त्याची खरी कसोटी असते, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे. या साखळीतील स्थानिक दुवा आज कोणत्या अवस्थेत आहे, याचाही विचार शेवटी केला आहे.

रिद्धपूर आणि पहिला एकविषयनिष्ठ अभ्यासक

श्रीगोविंदप्रभू हे तेराव्या शतकात रिद्धपूर येथे वास्तव्य करणारे सत्पुरुष. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांना त्यांचे दर्शन येथेच घडले आणि ते त्यांना गुरुस्थानी मानीत. सुमारे १२७४ मध्ये श्रीचक्रधरांचा वियोग झाल्यानंतर नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी रिद्धपुरात येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. आठवणी हा त्या काळात अनुयायांचा एकमेव आधार होता. या आठवणी लिहून ठेवल्या पाहिजेत, हा विचार सराळे येथील विद्वान म्हाइंभट यांनी अंगीकारला.

म्हाइंभटांची कार्यपद्धती आजच्या संशोधकानेही लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. श्रीचक्रधरांचा सहवास ज्यांना लाभला होता, अशा व्यक्तींकडे ते स्वतः गेले. कोणता प्रसंग कोठे घडला, त्या वेळी कोण उपस्थित होते, कोणते शब्द उच्चारले गेले, हे त्यांनी विचारून घेतले. गोळा झालेल्या आठवणी नागदेवाचार्यांपुढे ठेवून त्यांची खातरजमा करून घेतली आणि रिद्धपूर येथील वाजेश्वरी या स्थानी बसून सुमारे शके १२०० म्हणजे १२७८ च्या सुमारास ग्रंथ सिद्ध केला. प्रत्यक्षदर्शी साक्ष, स्थळाची निश्चिती आणि जाणकाराकडून पडताळणी ही तिन्ही अंगे त्यात आहेत. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर त्यांच्याही लीळा म्हाइंभटांनी अशाच पद्धतीने संकलित केल्या. म्हाइंभटांची प्रेरणा भक्तीची होती, यात शंका नाही. परंतु एका विषयासाठी स्वतःला वाहून घेणारा अभ्यासक या अर्थाने या परिसरातील परंपरेचा आरंभ त्यांच्यापासून मानणे सयुक्तिक ठरते.

यादव सत्तेच्या अखेरच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली आणि ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला, असे पंथाची परंपरा सांगते. त्यामुळे एकाच ग्रंथाचे अनेक पाठ निर्माण झाले. महानुभाव लेखकांनी हे पाठभेद दडवून ठेवले नाहीत. अमुक प्रसंग अमुक व्यक्तीच्या मते असा आहे, अशा नोंदी त्यांच्या पोथ्यांतून आढळतात. मतभेद पुसून टाकण्याऐवजी तो नावासह नोंदविण्याची ही शिस्त ज्या परंपरेत रुजली, तिचा अभ्यास पुढे आधुनिक पाठचिकित्सकांनी करावा, ही घटना अर्थपूर्ण आहे.

विषय बंद होता

महानुभावांचे वाङ्मय विपुल असूनही विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते पंथाबाहेरच्या वाचकाला जवळजवळ अज्ञात होते. याची दोन कारणे होती. पहिले कारण लिपीचे. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. या लिपीत एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर येते. त्यामुळे संकेत ठाऊक नसणाऱ्याला पोथी हाती घेऊनही अर्थबोध होत नाही. दुसरे कारण अविश्वासाचे. पंथाविषयी समाजात गैरसमज होते आणि समाजाविषयी पंथाच्या मनात धास्ती होती. पोथ्या मठांतून जपल्या जात. त्या परक्याच्या हाती देण्यास महंत सहजासहजी राजी होत नसत.

या गैरसमजाची खूण मराठी भाषेत आजही शिल्लक आहे. ‘मानभाव’ हे ‘महानुभाव’ या शब्दाचे रूप आहे. महान अनुभव ज्याला आहे तो महानुभाव, असा मूळ गौरवाचा अर्थ. परंतु ‘मानभावी’ आणि ‘मानभावीपणा’ हे शब्द मराठीत वरून गोड आणि आतून कपटी अशा वृत्तीसाठी रूढ झाले. एखाद्या समुदायाचे नावच दोषवाचक विशेषण व्हावे, यावरून त्या समुदायाविषयीचे अज्ञान किती खोलवर गेले होते, याची कल्पना येते. हे शब्द वापरणाऱ्या बहुसंख्यांनी महानुभावांचा एकही ग्रंथ पाहिलेला नव्हता आणि पाहण्याची सोयही नव्हती.

कोलतेपूर्व अभ्यासक

ही कोंडी फोडण्याचे काम एका व्यक्तीने केले नाही. वि. ल. भावे आणि वि. का. राजवाडे यांच्या प्रयत्नांमुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सांकेतिक लिपीचा उलगडा झाला आणि महानुभाव ग्रंथ अभ्यासकांच्या वाचनात येऊ लागले. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ या आपल्या वाङ्मयेतिहासात या साहित्याला स्थान दिले. यवतमाळ येथील य. खु. देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ (१९२५) हा ग्रंथ लिहून या साहित्याचा स्वतंत्र परिचय करून दिला. यवतमाळच्या शारदाश्रम या संस्थेच्या उभारणीतही त्यांचा वाटा मोठा होता. नागपूरचे ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग संपादून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. वा. ना. देशपांडे यांनी ‘स्मृतिस्थळ’ संपादिले.

यातील बरेचसे काम वऱ्हाड आणि नागपूर प्रांतात झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. मोठी ग्रंथालये आणि विद्यापीठे मुंबई-पुण्यास होती. परंतु पोथ्या, मठ आणि पंथीय माणसे विदर्भात होती. विषयाशी असलेली भौगोलिक जवळीक हे या अभ्यासकांचे खरे भांडवल होते. कोलते यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

डॉ. कोलते : व्यासंगाचे वाढते वर्तुळ

वि. भि. कोलते यांचा जन्म २२ जून १९०८ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल या खेड्यात झाला. अमरावती आणि नागपूर येथील महाविद्यालयांत त्यांनी मराठीचे अध्यापन केले. १९६६ ते १९७२ या काळात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६७ मध्ये भोपाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पद्मश्री या सन्मानाने १९९१ मध्ये त्यांचा गौरव करण्यात आला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोलते यांच्या ग्रंथांचा कालक्रम लावून पाहिला असता त्यातून एक निश्चित दिशा दिसून येते. ‘भास्करभट्ट बोरीकर’ या महानुभाव कवीचे चरित्र व काव्यविवेचन त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे आरंभ एका कवीपासून झाला. कवी समजून घेताना त्याच्या काव्यामागील पंथीय विचार समजणे आवश्यक ठरले. १९४४ मध्ये त्यांनी ‘गोविंदप्रभुचरित्र’ संपादिले आणि १९४५ मध्ये ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ हा ग्रंथ आला. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परभिन्न मानणारी महानुभावांची द्वैती विचारसरणी त्यांनी पंथाच्याच सूत्रग्रंथांच्या आधारे मांडली. विचार समजल्यावर आचाराचा प्रश्न आला; ‘महानुभावांचा आचारधर्म’ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९५२ मध्ये ‘श्रीचक्रधर चरित्र’ आले. ‘शिशुपाळवध’, ‘रुक्मिणीस्वयंवर’, ‘मूर्तिप्रकाश’, ‘स्थानपोथी’ या ग्रंथांची संपादनेही त्यांनी केली. १९६२ मध्ये ‘महानुभाव संशोधन’ या नावाने त्यांचे लेख संकलित झाले. शेवटी १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांनी संपादिलेले संपूर्ण ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध केले.

पहिल्या ग्रंथापासून लीळाचरित्राच्या प्रकाशनापर्यंत ४३ वर्षे लोटली. कुलगुरुपदासारख्या जबाबदाऱ्या मध्येच पार पाडाव्या लागल्या, हे या काळाचे एक स्पष्टीकरण आहे. परंतु केवळ तेवढ्याने उलगडा होत नाही. लीळाचरित्राचे संपादन हे लिपी वाचून अक्षरे उतरवून काढण्याचे काम नव्हते. एकाच लीळेचे दोन-तीन पाठ समोर असताना कोणता पाठ अधिक ग्राह्य, हे ठरवायचे तर तीन प्रकारचे ज्ञान हवे. पंथाचे तत्त्वज्ञान ठाऊक असेल तर एखादा शब्द नंतरच्या पंथीय लेखकाने घातला असावा काय, हे कळते. आचारधर्म ठाऊक असेल तर भिक्षा, अटन, उपाहार अशा शब्दांचे नेमके अर्थ लागतात. स्थळे ठाऊक असतील तर श्रीचक्रधरांचा प्रवासक्रम जुळतो की नाही, हे तपासता येते. कोलते यांचे आधीचे प्रत्येक पुस्तक यांपैकी एखादे ज्ञान हस्तगत करीत होते. म्हणून लीळाचरित्राचे संपादन हे त्यांच्या व्यासंगाचे फलित ठरते. ते आरंभी हाती घेतले असते तर इतके भरीव झाले नसते.

यावरून एकविषयनिष्ठेविषयीच्या एका गैरसमजाचे निराकरण होते. विषय एकच असला तरी त्यासाठी लागणारी साधने एक नसतात. एका पंथाच्या अभ्यासासाठी कोलते यांना भाषाशास्त्र, लिपिविद्या, तत्त्वज्ञान, भूगोल, इतिहास आणि समाजरचना या सर्वांकडे जावे लागले. अनेक विषयांकडे त्यांना जावे लागले ते एका विषयाच्या गरजेपोटी.

स्थानपोथी आणि क्षेत्रकार्य

‘स्थानपोथी’ हा ग्रंथ इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावा असा आहे. श्रीचक्रधर ज्या ज्या गावी गेले, जेथे राहिले, जेथे बसले, त्या स्थानांची नोंद यात आहे. गावात शिरताना मार्ग कोणता, देवालयाचे तोंड कोणत्या दिशेला, मढ कोठे, अशा प्रकारचा बारीक तपशील त्यात मिळतो. भक्ताला स्थान नेमके सापडावे आणि त्याला नमस्कार करता यावा, हा त्या तपशिलामागील हेतू. परंतु मध्ययुगीन महाराष्ट्रातील गावांची रचना, देवालये आणि रस्ते यांचा अभ्यास करणाऱ्याला हे अमोल साधन ठरते. पुढील काळात ज्या गावांतील देवालये पडली किंवा बदलली, त्यांच्या पूर्वरूपाचा पुरावा या पोथीत सापडण्याची शक्यता असते.

लीळाचरित्र आणि गोविंदप्रभुचरित्र यांचेही असेच आहे. राजवंशांच्या इतिहासात ज्यांना स्थान नाही अशी माणसे या ग्रंथांत बोलताना दिसतात. शेतकरी, गुराखी, बाजारातील विक्रेते, विधवा स्त्रिया, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील लोक यांचे संवाद त्यांत आहेत. गोविंदप्रभू सर्व जातींच्या घरी जात, मातंगांच्या पाण्याच्या अडचणीत त्यांनी लक्ष घातले, असे प्रसंग चरित्रात येतात. मराठीतील आद्य कवयित्री मानली जाणारी महदाइसा हिचे धवळेही रिद्धपुरातच रचले गेले. यादवकाळातील मोर्शी परिसराचा सामाजिक इतिहास लिहावयाचा झाल्यास इतके समृद्ध साधन दुसरे नाही.

विश्वास आणि चिकित्सा

एका समुदायाच्या श्रद्धाविषयाचा अभ्यास करणाऱ्याला नेहमीच दुहेरी बंधनात काम करावे लागते. पोथ्या पंथीयांच्या ताब्यात होत्या. त्यांचा विश्वास संपादन केल्याशिवाय त्या मिळणे शक्य नव्हते. उलट, मिळालेल्या पोथीचे परीक्षण करताना श्रद्धेचा दाखला पुरेसा नसतो. पंथाला पवित्र असलेला पाठ अभ्यासकाला ‘नंतरचा’ वाटू शकतो. अशा वेळी विश्वासही टिकवायचा आणि चिकित्साही सोडायची नाही, ही कसोटी असते. एकदा येऊन सामग्री घेऊन जाणाऱ्या संशोधकावर ही वेळ फारशी येत नाही. जो तीस-चाळीस वर्षे त्याच मठांत, त्याच माणसांत वावरतो, त्याला मात्र आपल्या प्रत्येक विधानाची जबाबदारी त्यांच्यासमोर घ्यावी लागते.

या दीर्घ सहवासाचा सामाजिक परिणामही झाला. ‘मानभावी’ हा शब्द कोशातून गेला नाही. परंतु आज मराठीचा कोणताही पदवीधर महानुभाव साहित्याला मराठी गद्याचा पाया म्हणून ओळखतो. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत लीळाचरित्राला स्थान मिळाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीनतेचा आणि समृद्धीचा विचार लीळाचरित्राला वगळून करता येत नाही. उपहासाचा विषय ठरलेले एका पंथाचे वाङ्मय संपूर्ण भाषेच्या अभिमानाचा आधार बनले, हे परिवर्तन प्रचाराने झालेले नाही. विश्वसनीय संपादित ग्रंथ उपलब्ध झाल्यामुळे ते शक्य झाले.

साखळीचे पुढील दुवे

कोलते यांच्या समकालीनांपैकी शं. गो. तुळपुळे यांनीही लीळाचरित्राचे संपादन केले; ते १९६० च्या दशकात नागपूरहून प्रसिद्ध झाले. दोन समर्थ संपादकांची दोन संपादने उपलब्ध असणे ही अभ्यासकाच्या दृष्टीने संपन्नताच होय, कारण पाठनिर्णयातील मतभेद त्यामुळे तपासता येतात. लंडन येथील प्राच्यविद्या संस्थेतील आय. एम. पी. रेसाइड यांनी १९६० मध्ये महानुभावांच्या मराठी ग्रंथांची संदर्भसूची प्रसिद्ध केली. अमेरिकेतील ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव सूत्रपाठाचा अभ्यास १९८३ मध्ये आणि गोविंदप्रभुचरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. या अनुवादाच्या नावातच रिद्धपूर आहे. स्मृतिस्थळाचा अनुवाद तुळपुळे आणि फेल्डहाउस यांनी मिळून केला. तो १९९२ मध्ये आला. या दोघांनी सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. फेल्डहाउस यांनी केलेल्या लीळाचरित्राच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या मूर्ती अभिजात ग्रंथमालेत आला.

लिपीचा उलगडा झाल्यामुळे ग्रंथ वाचता आले, ग्रंथ वाचता आल्यामुळे संपादन झाले, संपादनामुळे अनुवाद आणि कोश शक्य झाले आणि कोशामुळे पुढील वाचकाला मूळ ग्रंथाकडे परत जाता येऊ लागले. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एका विषयात दीर्घकाळ बुडून राहिले. एकही दुवा निखळला असता तर पुढचे काम अडले असते. एकविषयनिष्ठ अभ्यासक एकटा असतो, ही समजूत म्हणून अपुरी ठरते. त्याचे सहकारी पुष्कळदा त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या पिढीत असतात, एवढेच.

व्यासंगाची मर्यादा

या परंपरेचा गौरव करताना तिच्या मर्यादेचाही विचार केला पाहिजे. रिद्धपूरचे नाव आणखी एका विद्याशाखेत महत्त्वाचे आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट रिद्धपूर येथील म्हणून पुराभिलेखशास्त्रात प्रसिद्ध आहे. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची ही कन्या. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या कारकीर्दीच्या १९ व्या वर्षी दिलेले हे दानपत्र रामगिरीच्या स्वामीच्या पादमूलाचा निर्देश करते. नल वंशातील भवत्तवर्म्याचाही ताम्रपट याच गावाच्या नावाने ओळखला जातो. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हेही एका विषयाला वाहून घेतलेले अभ्यासक. वाकाटकांच्या लेखांचा त्यांनी संपादिलेला संग्रह १९६३ मध्ये भारतीय पुराभिलेख ग्रंथमालेचा पाचवा खंड म्हणून प्रसिद्ध झाला आणि प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट त्यात अभ्यासिला गेला.

म्हणजे कोलते यांचे रिद्धपूर तेराव्या शतकातील आहे, तर मिराशी यांचे रिद्धपूर पाचव्या शतकातील. हे दोन्ही व्यासंग आपापल्या जागी पूर्ण आहेत. परंतु त्यांच्यामध्ये सुमारे आठ शतकांचे अंतर आहे आणि त्या अंतरात या गावाचे काय झाले, हा प्रश्न दोघांच्याही विषयाबाहेर राहिला. वाकाटककाळातील दानभूमीच्या परिसरात पुढे एका पंथाचे तीर्थ का उभे राहिले, हे व्यापारी मार्ग, जलस्रोत आणि जुनी देवालये यांच्या अभ्यासावाचून कळणार नाही. एकविषयनिष्ठ अभ्यासक विषयाची सीमा स्पष्ट आखतो, म्हणूनच दोन सीमांमधील मोकळी जागा पुढच्या अभ्यासकाला दिसू शकते. ती जागा भरण्याचे दायित्व स्थानिक इतिहासकारावर येते.

आजचा प्रश्न

ही जागा कोणी भरावी, याचा विचार करताना आपल्या महाविद्यालयांची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या संशोधनाचे गुणांकन सुरू केले. २०१८ च्या नियमावलीतील कोष्टकात मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. राष्ट्रीय प्रकाशकाने प्रसिद्ध केलेल्या स्वतंत्र ग्रंथालाही १० गुणच आहेत. ग्रंथाच्या संपादनाला, प्रकाशक राष्ट्रीय असल्यास, ८ गुण आहेत. या मापाने कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र एका शोधनिबंधापेक्षा कमी भरते. मोजमाप असू नये, असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु जे मोजमाप वर्षाच्या कामात आणि आयुष्याच्या कामात भेद करीत नाही, ते तरुण अध्यापकाला कोणत्या वाटेने नेईल, हे उघड आहे. पाच वर्षे एका पोथीवर घालविण्यापेक्षा पाच वर्षांत दहा विषयांवर दहा निबंध लिहिणे त्याला सुरक्षित वाटते. यात त्याचा दोष नाही. पदोन्नती ही त्याच्या संसाराचीही बाब असते.

दुसरी गोष्ट एम.फिल. या पदवीची. नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने ही पदवी बंद करण्यात आली. ग्रामीण भागातील अनेक अध्यापकांनी मर्यादित विषयावर मूळ साधने हाताळण्याचे पहिले शिक्षण एम.फिल.च्या प्रबंधातूनच घेतले होते. एखाद्या गावातील हस्तलिखिते, एखादे देवस्थान, एखाद्या चळवळीचे स्थानिक रूप असे विषय त्या चौकटीत सहज बसत. ती पायरी गेल्याने छोट्या विषयाच्या सखोल अभ्यासासाठी दुसरी व्यवस्था शोधावी लागेल.

याच्या उलट बाजूला एक आशादायक घटना आहे. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचे विधेयक राज्य विधिमंडळाने २०२३ मध्ये संमत केले आणि २०२४ मध्ये पहिल्या कुलगुरूंची नियुक्ती झाली. म्हाइंभटांनी ज्या गावी बसून ग्रंथ लिहिला, तेथे साडेसातशे वर्षांनी विद्यापीठ यावे, हा योग मोठा आहे. परंतु इमारतीने व्यासंग निर्माण होत नाही. त्यासाठी सकळ लिपी वाचणारे, हस्तलिखितांची निगा जाणणारे आणि एका विषयासाठी वीस वर्षे देण्याची तयारी असणारे अध्यापक लागतात. असे अध्यापक बाहेरून मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा ते या परिसरातील महाविद्यालयांतून घडावेत, हे अधिक स्वाभाविक आहे. मराठी आणि इतिहास या विभागांनी मिळून लिपिवाचनाचा अल्पमुदतीचा वर्ग चालविणे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून एकेका गावातील स्थानांची स्थानपोथीच्या आधारे नोंद करून घेणे, मठांच्या संमतीने पोथ्यांच्या सूची तयार करणे ही कामे मोठ्या निधीवाचूनही होऊ शकतात. सूची करणारा विद्यार्थी सूचीपुरताच राहिला तरी त्याचे काम वाया जात नाही. पुढच्या संपादकाचा पहिला वर्षभराचा वेळ त्याने वाचविलेला असतो.

निष्कर्ष

१. एकविषयनिष्ठ व्यासंग संकुचित असतो, हे मत कोलते यांच्या ग्रंथक्रमावरून टिकत नाही. एका पंथाच्या अभ्यासाने त्यांना भाषा, तत्त्वज्ञान, भूगोल आणि समाज या सर्व क्षेत्रांत नेले.

२. मूळ ग्रंथाचे विश्वसनीय संपादन हे अशा व्यासंगाचे सर्वाधिक टिकाऊ फलित असते. विवेचनात्मक मते कालांतराने बदलतात. परंतु संपादित संहिता पुढील प्रत्येक मताचा आधार बनते.

३. महानुभाव साहित्याचा अभ्यास ही म्हाइंभटांपासून भावे, राजवाडे, य. खु. देशपांडे, नेने, कोलते, तुळपुळे, रेसाइड आणि फेल्डहाउस यांच्यापर्यंत आलेली साखळी आहे. तीत वऱ्हाड-नागपूर प्रांतातील अभ्यासकांचा वाटा निर्णायक आहे आणि विषयाशी असलेली जवळीक हे त्याचे प्रमुख कारण आहे.

४. रिद्धपूरचा वाकाटककाळ आणि महानुभावकाळ यांच्यामधील इतिहास अद्याप सलगपणे लिहिला जावयाचा आहे. स्थानिक अध्यापकांना हे क्षेत्र खुले आहे.

५. संशोधनाच्या गुणांकनात दीर्घकालीन ग्रंथकार्य आणि पाठसंपादन यांना स्वतंत्र व अधिक मोल मिळणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास रिद्धपूरच्या वाङ्मयाचा अभ्यास जगात सुरू राहील. मात्र त्यात रिद्धपूरच्या परिसरातील अभ्यासक असतील, याची शाश्वती देता येणार नाही.